जीभ ईची, ओठ ऊचे

सोमवार, २ सप्टेंबर

संचाचं काम माझ्याकडे आलं. प्रशिक्षण केंद्राचं पत्र मुख्याध्यापकांनी आज स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. बेचाळीस शाळांतल्या फ्रेंचच्या शिक्षकांसाठी एक संच करायचा: पाठांचे आराखडे, चित्रकार्डं, सरावाचे कागद आणि दोन तासांचं ध्वनिमुद्रण. आराखडे माझे आणि आवाजही माझा. ऑक्टोबरात त्यावर कार्यशाळा, तीही मीच घ्यायची. चोवीस वर्षं शिकवते आहे. खोटी नम्रता कशाला, दुसऱ्या कुणाला देणार होते?

धाकटीला मदतीला घेतलं. शाळेत फ्रेंचच्या आम्ही दोघीच. मुलं मला मोठ्या बाई म्हणतात आणि तिला धाकट्या बाई. आता मुख्याध्यापकांच्या तोंडीही तेच बसलं आहे. चार वर्षांपूर्वी आली. हुशार आहे, कामाला वाघ आहे, फक्त जरा आतल्या गाठीची. तिने अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "बाई, आवाज बाहेरच्या कुणाचा घ्यायचा का? तुमच्यावर भार नको."

"भार कसला? गळा शाबूत आहे अजून."

आवाज आपल्याला मिळावा असं तिच्या मनात असणार. असू दे, वयच तसं आहे.

ज्यांच्याकडे मी फ्रेंच शिकले त्या सरांना निरोप लिहून पाठवला. ऐंशी ओलांडली त्यांनी, आणि कान जवळजवळ गेलेच आहेत, पण लिहिलेलं तत्परतेने वाचतात. दहा मिनिटांत उत्तर आलं, पूर्णविरामांसकट: "आनंद झाला. तुझ्या तोंडून माझाच आवाज बेचाळीस शाळांत जाईल." निरोप दोनदा वाचला. या भागात फ्रेंच शिकवणारे निम्मे लोक सरांच्या हाताखालून गेले आहेत. ते नसते तर मी आज कुठेतरी कारकून असते.

बुधवार, ४ सप्टेंबर

पहिला आराखडा पुरा. सुरुवात सरांच्या वाक्याने केली. पहिल्या तासाला भेदरलेल्या पोरांसमोर ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "घाबरता काय? अर्धी भाषा तुम्हाला घरीच आली आहे. त्यांचा तू म्हणजे आपला तू!" वर्ग हसायचा, भीती पळायची. मीही गेली चोवीस वर्षं तसंच म्हणते आणि दर वर्षी वर्ग हसतो.

धाकटीने कागद तपासून दिले. शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या, सातही बरोबर. सरांच्या वाक्याशेजारी पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडलेलं दिसलं.

"हे काय गं?"

"काही नाही बाई. सहज."

मंगळवार, १० सप्टेंबर

केंद्राच्या नियमाप्रमाणे आज धाकटीच्या तासाला मागच्या बाकावर बसले. तास छान झाला. चित्रं दाखवून वस्तू कुठे आहे ते विचारत होती. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली, ओठांचा चंबू करून काहीतरी बोलली, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, लाल झाली आणि तेच वाक्य नीट म्हणाली. अख्खा वर्ग खिदळला. धाकटी उगाचच फळा पुसायला लागली. फळ्यावर काही नव्हतं.

शेऱ्यात लिहिलं: "निरीक्षक असताना मुले बुजतात. मुलांचा आत्मविश्वास वाढवावा."

तिमाही परीक्षेच्या श्रवणाचे गुणही आज लावले. ध्वनिफीत मंडळाकडून येते. दर वर्षी एक प्रश्न असतो: वस्तू टेबलाच्या वर आहे की खाली? माझ्या वर्गात याही वर्षी निम्मी मुलं चुकली. दर वर्षी निम्मीच चुकतात. लक्ष कुठे असतं यांचं, देव जाणे. धाकटीच्या वर्गात दोघं सोडून सगळी बरोबर. तिने प्रश्न आधी सांगून ठेवला असेल का, असं मनात येऊन गेलं. बोलले नाही. बोलण्यासारखंही नव्हतं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

ध्वनिमुद्रण संपलं. ग्रंथालयामागच्या सामानाच्या खोलीत भिंतींना घोंगड्या लावल्या होत्या. धाकटी यंत्रावर, मी माइकसमोर. एकदाही अडखळले नाही. मध्येमध्ये ती डोळे मिटून ऐकायची. आवाजात रंगून गेली असावी.

काल अर्धा दिवस नव्हती. दाताच्या डॉक्टरांकडे. दोन महिन्यांत तिसरी खेप, आणि दर वेळी कडक इस्त्रीचे कपडे. मी म्हटलं, "अगं, काढून टाक एकदाचा तो दात." ती हसली आणि म्हणाली, "तेच बघतेय बाई."

बुधवार, १८ सप्टेंबर

आजचं लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

केंद्रात पाहुण्या बाई आल्या होत्या. संच छापायच्या आधी तपासायला फ्रान्सहून आल्या आहेत. माझ्याच वयाच्या, पायात साध्या चपला, बोलणं हळू. आराखड्यांचं तोंडभर कौतुक केलं. मग ध्वनिमुद्रण लावलं. पाच मिनिटं ऐकलं, थांबवलं, परत लावलं. मला वाटलं यंत्र बिघडलं.

त्यांनी विचारलं, "मी दोन शब्द म्हणते. कोणता 'वर' आणि कोणता 'खाली', ते सांगाल?"

त्यांनी दोनदा एकच शब्द म्हटला. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटला. मी पुन्हा सांगितलं, "हे दोन्ही एकच आहेत. दसू."

"नाही," त्या म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. "एक वर आहे आणि एक खाली."

मग कागद घेऊन समजावलं. त्यांच्या भाषेत ऊ आहे, तसा आणखी एक स्वर आहे, आपल्याकडे नसलेला. जीभ ईची, ओठ ऊचे. लिहिताना वेगळा, उच्चारताना वेगळा. 'तू'मध्ये तोच आहे. 'वर'मध्ये आहे, 'खाली'त नाही. लिहिण्यातला फरक मी चोवीस वर्षं शिकवते आहे. कानाला फरक आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कुठल्याशा जाड पुस्तकात वाचलं असेन, पण सरांनी दोन्ही ऊच म्हटले, म्हणून मीही ऊच ऐकले. मंडळाची ध्वनिफीतही ऊच ऐकत आले.

त्यांनी मला दहादा म्हणायला लावलं. दहाही वेळा ऊ आला असणार. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला ऐकून कळत नव्हतं.

"कार्यशाळेला साडेतीन आठवडे आहेत," त्या म्हणाल्या. "आवाज दुसऱ्या कुणाचा घेऊ. तुमच्या शाळेत दुसऱ्या एक शिक्षिका आहेत ना?"

गुरुवार, १९ सप्टेंबर

शाळेत गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत होतंही.

हे दुपारी जेवायला घरी आले. मोटार चालवायला शिकवण्यात यांचा जन्म गेला, त्यामुळे चुकणाऱ्या माणसाशी बोलायची सवय आहे. सगळं सांगितलं. यांनी उदाहरण मागितलं. मी सांगितलं, "रस्ता आणि चाक. मी दोन्ही सारखंच म्हणते."

"रस्ता आणि चाक?" हे घास हातात धरून बसले. "माझ्या धंद्यात हे चालायचं नाही बुवा."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. हे उठले नाहीत, जवळही आले नाहीत. पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाले, "कुणाला धडकलीस का?"

"चोवीस वर्षांत हजारभर मुलांना."

"तशी नाही गं. कुणी एखादं?"

मी म्हटलं, एखादं असं कुणी नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मधल्या सुट्टीत दोन वेण्यांच्या मुलीला व्हरांड्यात गाठलं. रागावणार नाही असं कबूल केलं, तेव्हा बोलली.

"तुमच्यासमोर असं म्हणायचं आणि एरवी धाकट्या बाईंच्या तासाला तसं म्हणायचं."

"कोणी सांगितलं?"

"धाकट्या बाईंनी. त्या म्हणाल्या, मोठ्या बाईंसमोर मोठ्या बाईंसारखं म्हणा. त्यांचा मान असतो." मग घाईने म्हणाली, "आम्हाला जमतं बाई. अवघड नाही ते. चौथीपासून जमतं."

चौथीपासून. ही आता सातवीत आहे.

सोमवार, २३ सप्टेंबर

धाकटीला सामानाच्या खोलीत बोलावलं. घोंगड्या तशाच होत्या, बाहेर आवाज जाणार नव्हता.

"तुला ठाऊक होतं."

"हो बाई."

"चार वर्षं? आणि एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच असेल. "सांगितलं होतं बाई. पहिल्याच महिन्यात. इथेच, पुस्तकं लावत होतो तेव्हा. तुम्ही म्हणालात, हे चोचले मोठ्या शहरातले, आपल्या मुलांना परीक्षा द्यायची असते."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. असं मीच बोलते.

"मग परत का नाही बोललीस?"

"परत बोलले नाही, कारण... जाऊ दे ना बाई. तुमच्याकडून मी खूप शिकले. तास कसा बांधायचा ते तुमच्याकडूनच शिकले."

ती गेल्यावर कार्यालयात जाऊन तिची फाईल काढून बघितली. पहिल्या वर्षाचा माझा शेरा, माझ्याच वळणदार अक्षरात: "उच्चारांत कृत्रिमपणा. परदेशी ढब मारण्याची सवय. सुधारणा होईपर्यंत कायम करू नये." त्यामुळे तिला कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं. ती त्या वर्षी लग्न पुढे ढकलते आहे असं स्टाफरूममध्ये ऐकलं होतं. तेव्हा त्याचं कारण मला कळलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

यांनी विचारलेलं 'कुणी एखादं' म्हणजे धाकटीच.

मंगळवार, २४ सप्टेंबर

मुख्याध्यापकांना लेखी दिलं: तो शेरा चूक होता, उच्चार तिचे बरोबर होते, माझे नव्हते, ध्वनिमुद्रण तिच्या आवाजात व्हावं आणि संचावर दोघींची नावं असावीत, तिचं आधी.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "मोठ्या बाई, हे कागदावर कशाला? तोंडी सांगितलंत, पुरे आहे."

"शेरा कागदावर होता," मी म्हटलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

अकरा दिवस झाले. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास धाकटीकडे शिकते. ती पाठीमागे उभी राहून शब्द म्हणते. 'वर' ऐकू आलं तर मी हात वर करायचा, 'खाली' ऐकू आलं तर खाली. ओठ दिसू नयेत म्हणून पाठीमागे. पहिल्या दिवशी विसात दहा. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. चौथ्या दिवशी नऊ. त्या दिवशी मी चिडून पर्स उचलली. ती म्हणाली, "बाई, बसा. तुम्ही मुलांना काय सांगता?" मी मुलांना सांगते की चिडलं की कान बंद होतात. बसले.

आज एकोणीस.

कसं ते सांगता येत नाही. परवापर्यंत एकच दार होतं, आज शेजारी दुसरं दिसलं. घरी येताना रस्त्यात एकटीच म्हणत आले. ऐकू येतं, पण तोंडातून चारातले दोनच बरोबर निघतात. समोरून येणाऱ्या बाई मला वळसा घालून गेल्या. ओठांचा चंबू करून चालणारी पन्नाशीची बाई पाहून मीही तेच केलं असतं.

धाकटीचं ध्वनिमुद्रण काल पूर्ण झालं. या खेपेला यंत्रावर मी होते. चांगलं झालं आहे. माझ्यापेक्षा थोडं घाईत वाचते, पण चांगलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

कार्यशाळा झाली. बेचाळीसपैकी एकोणचाळीस शिक्षक आले. पहिल्या दोन रांगांत सगळे सरांचेच विद्यार्थी, आता डोक्यावर टक्कल आणि नाकावर चष्मे.

आधी ठरवलं होतं की उच्चारांचा भाग पाहुण्या बाईंना द्यायचा आणि आपण आराखड्यांवर बोलायचं. कुणाला काही कळलं नसतं. उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते असं: "पहिला आराखडा मी बदलला आहे. त्यांचा तू म्हणजे आपला तू नाही. मी चोवीस वर्षं चुकीचं शिकवलं."

दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. माझ्या पुढच्याच वर्गात होते, सरांचे लाडके. "म्हणजे सरांनी आपल्याला चुकीचं शिकवलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी माझं सांगते आहे."

"पण आम्हीही तेच म्हणतो!"

"मग मागे वळून बसा," मी म्हटलं. "पाठ माझ्याकडे करा."

एकोणचाळीस शिक्षकांना पाठमोरं बसवलं. धाकटी शब्द म्हणत गेली. हात वर, हात खाली. निम्मे वर, निम्मे खाली, दर वेळी वेगळे. दहाव्या शब्दानंतर कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. शेवटच्या ओळीतली एक तरुण शिक्षिका एकदाही चुकली नाही. तिचे हात मी मोजत होते. तिच्या शाळेतही एखाद्या मोठ्या बाई असतील.

चहाच्या वेळी ते गृहस्थ माझ्याजवळ आले नाहीत. पण खिडकीच्या काचेत बघत ओठ पुढे काढताना त्यांना पाहिलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

धाकटी सत्र संपल्यावर जाते आहे. दुसऱ्या शहरात, मोठ्या शाळेत, भाषाविभागाची प्रमुख म्हणून. तीन मुलाखती झाल्या. दात नव्हताच दुखत.

"शेरा बदलला तो कळला मला," ती म्हणाली. "पण बाई, मी जूनमध्येच अर्ज केला होता."

"राहतेस का, असं विचारलं तर?"

"विचारू नका. मला नाही म्हणायला जड जाईल."

विचारलं नाही. तिच्या जागी जी कोणी येईल तिला पहिल्याच महिन्यात विचारायचं ठरवलं आहे, की माझ्या तासाला बसून माझं काय चुकतं ते लिहून दे. ती लिहून देईलच असं नाही. मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, तर धाकटीने तरी किती सांगायचं?

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सरांचा निरोप आला. "कार्यशाळेचे कळले. रविवारी ये." एवढंच. कुणी कळवलं ते नाही, काय कळलं ते नाही. पूर्णविराम दोन्ही जागच्या जागी. मी स्वतः आधी जाऊन सांगायला हवं होतं. महिनाभर टाळलं, हे खरं.

रविवार, २० ऑक्टोबर

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर वही आणि पेन. त्यांच्याशी बोलायचं तर लिहावं लागतं. सूनबाईंनी मला बसायला दिलं आणि आत गेल्या.

मी लिहायच्या आधीच ते म्हणाले, मोठ्या आवाजात, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं: "मी शिकलो दोन पुस्तकांतून. शिकवायला माणूस नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं, असा स्वर आहे. मी वाचलं. वाटलं, किरकोळ असेल."

मी वहीत लिहिलं, "सर, बाकी सगळं तुम्हीच दिलंत."

त्यांनी वाचलं आणि हात झटकला. "ते राहू दे. ते मला ठाऊक आहे. जीभ कुठे ठेवायची, ते लिही."

मी लिहिलं: जीभ ईची. ओठ ऊचे.

"आधी कोण? जीभ की ओठ?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचार केला आणि लिहिलं: आधी ई म्हणा. म्हणत राहा. जीभ हलवू नका. मग फक्त ओठ.

सरांनी चष्मा सारखा केला, ओळ दोनदा वाचली, आणि ई म्हणायला लागले. लांब, थरथरता ई. मग म्हातारे ओठ हळूहळू गोल केले.

आला. पहिल्या झटक्यात. पाहुण्या बाईंच्या तोंडचा होता तसाच, स्वच्छ. मला तो ऐकायला अकरा दिवस लागले होते आणि अजून चारातून दोनदाच काढता येतो. त्यांना ऐकूच येत नाही, म्हणून जुना ऊ आड आला नाही. जे लिहिलं होतं तेवढंच त्यांनी केलं.

"आला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नीट दिसावं म्हणून पुन्हा हलवली.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि त्या भाषेत म्हणाले, "तू." त्यांचा तू. आपला नव्हे. गळ्यावर हात ठेवून तो कसा लागतो ते बघितलं आणि आणखी दोनदा म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढली, माझ्या तोंडाच्या अगदी समोर, आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता तू म्हण."

मी म्हटलं.

"ओठ सैल पडतात तुझे," सर म्हणाले. "पुढे काढ. अजून. हं, पुन्हा."